‘सर्च’ म्हणजे शोधणे, एवढ्याने भागत नाही : सारख्या भासणाऱ्या इंग्रजी क्रियापदांतील अर्थभेद

अक्षरयात्री (धागा)

मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. काही महिन्यांपूर्वी एका कथेत ‘दे सर्च्ड द बॉय’ असे वाक्य आले आणि मी ते ‘त्यांनी मुलाचा शोध घेतला’ असे उतरवले. तो मुलगा आदल्याच वाक्यात त्या माणसांसमोर भिंतीला टेकून उभा होता. समोर उभ्या असलेल्या मुलाचा शोध कोण घेईल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो हस्तलिखित तपासणाऱ्या संपादिकेला पडला. मुलाचा शोध घ्यायचा असता तर ‘सर्च’च्या पुढे ‘फॉर’ आले असते. ते नव्हते, म्हणजे त्या माणसांनी मुलाची झडती घेतली होती. एका लहानशा शब्दाच्या अभावाने संपूर्ण प्रसंगाचा अर्थ उलटला होता, आणि अनेक वर्षे इंग्रजी वाचूनही माझ्या मनात ‘सर्च म्हणजे शोधणे’ एवढीच नोंद होती.

त्या दिवसापासून मी अशा क्रियापदांची वही ठेवली आहे. ‘सी’, ‘लुक’ आणि ‘वॉच’ या तिन्हींसमोर त्या वहीत ‘पाहणे’ लिहिले आहे, ‘से’ आणि ‘टेल’ यांच्यासमोर ‘सांगणे’, ‘डिनाय’, ‘रिफ्यूज’ आणि ‘रिजेक्ट’ यांच्यासमोर ‘नाकारणे’, तर ‘अव्हॉइड’ आणि ‘प्रिव्हेंट’ यांच्यासमोर ‘टाळणे’. हे प्रतिशब्द देणारा कोश चुकीचा नाही, कारण प्रत्येक जोडीचे एखादे तरी वाक्य या प्रतिशब्दाने भागते. पण दोन शब्दांमध्ये भेद कोणता, हे प्रतिशब्द कधीच सांगत नाही. नियमांची यादी मला नको आहे. असा भेद शोधायचा असेल तर क्रियापदाला कोणते प्रश्न विचारावेत, हे जाणकारांनी सांगावे, अशी विनंती आहे.

शब्दवेध

आपल्या उदाहरणातच पहिला प्रश्न दडलेला आहे : या क्रियापदाचे कर्म कोण होऊ शकते? ‘सर्च’चे कर्म म्हणजे जिथे शोधायचे ती जागा. घर, खिसे, कपाट किंवा माणसाचे अंग. जी वस्तू शोधायची ती ‘फॉर’नंतर येते. मराठीत ‘शोधणे’चे कर्म बहुधा हवी असलेली वस्तू असते, म्हणून आपले मन सवयीने कर्माच्या जागी वस्तूच गृहीत धरते.

हाच प्रश्न ‘रॉब’ आणि ‘स्टील’ यांना विचारून पाहा. चोरी म्हटली की त्यात तिघे आले : चोर, ज्याचे गेले तो आणि जे गेले ते. ‘स्टील’ची नजर गेलेल्या वस्तूवर असते, ‘रॉब’ची नजर ज्याचे गेले त्याच्यावर. म्हणून इंग्रजीत पैसे ‘स्टील’ होतात आणि माणूस किंवा बँक ‘रॉब’ होते. ‘बँक स्टील केली’ असे म्हटल्यास चोरांनी इमारतच उचलून नेली, असा अर्थ होईल. मराठीत ‘चोरणे’ हे ‘स्टील’सारखेच वस्तूला धरून राहते, परंतु ‘लुटणे’ दोन्हीकडे चालते : प्रवाशांना लुटले, आणि खजिनाही लुटला. त्यामुळे ‘रॉब म्हणजे लुटणे’ असे पाठ केलेला विद्यार्थी ‘खजिना लुटला’ हे वाक्य इंग्रजीत नेताना अडखळतो.

‘से’ आणि ‘टेल’ यांचे मुख्य अंतरही याच जातीचे आहे. ‘टेल’ला सहसा ऐकणारा हवा आणि तो थेट कर्म म्हणून हवा. ‘से’ला उच्चारलेले शब्द पुरेसे असतात, ऐकणारा सांगायचाच झाला तर ‘टू’ लावून. आपल्या वहीत दोन्हींसमोर ‘सांगणे’ लिहिले आहे, तिथे ‘से’समोर ‘म्हणणे’ लिहावे, असे मी सुचवीन. ‘त्याने मला जायला सांगितले’ या वाक्यातील आज्ञेची छटा ‘टेल’मध्ये जशीच्या तशी आहे, आणि ‘म्हणणे’मध्ये ती सहजपणे येत नाही.

अक्षरयात्री

हे फार उपयोगी आहे. पण ‘सी’, ‘लुक’ आणि ‘वॉच’ या तिघांचेही कर्म दिसणारी वस्तूच असते. तिथे कर्माचा प्रश्न विचारून काय हाती लागेल?

शब्दवेध

तिथे कर्त्याकडे पाहावे लागते. कर्ता काही करतो आहे, की त्याला काही होते आहे? ‘लुक’मध्ये मनुष्य नजर वळवतो, त्याला काही दिसेलच असे नाही. ‘सी’मध्ये वस्तू नजरेस पडते, मग त्याने प्रयत्न केलेला असो वा नसो. ‘मी पाहिले, पण काहीच दिसले नाही’ या साध्या मराठी वाक्यात पहिले क्रियापद ‘लुक’ आहे आणि दुसरे ‘सी’. मराठीने हा भेद व्याकरणातच कोरून ठेवला आहे : ‘मी पाहतो’ यात मी कर्ता आहे, तर ‘मला दिसते’ यात मी केवळ अनुभव घेणारा आहे. ‘हिअर’ आणि ‘लिसन’ यांचेही असेच : मला ऐकू येते, मी ऐकतो. इंग्रजीत दोन्ही वाक्यांत ‘आय’ हाच कर्ता राहतो, म्हणून भेदाचा सगळा भार क्रियापदाला उचलावा लागतो. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. चित्रपट पाहणे किंवा डॉक्टरांना भेटणे यासाठी ‘सी’ वापरतात, आणि तिथे ‘दिसणे’ चालत नाही.

‘वॉच’मध्ये काळ येतो. जे हलते, बदलते किंवा बदलण्याची शक्यता असते, त्याच्यावर काही काळ नजर ठेवणे म्हणजे ‘वॉच’. चित्राकडे आपण ‘लुक’ करतो, सामना ‘वॉच’ करतो. एखाद्या कादंबरीत कोणी चित्राला ‘वॉच’ करीत बसले असेल, तर ते चित्र आता हलणार अशी त्या पात्राची भीती लेखकाने त्या एका शब्दात ठेवली आहे, आणि अनुवादात ‘पाहत बसला’ असे लिहिले तर ती भीती हरवते.

मुद्रितशोधक

मी बातम्यांच्या संपादनाचे काम करतो, त्यामुळे ‘नाकारणे’विषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. मराठीत आरोप नाकारला जातो, प्रस्ताव नाकारला जातो आणि परवानगीही नाकारली जाते. इंग्रजीत ही तीन वेगळी कामे आहेत. एखादे विधान खरे नाही असे म्हणणे म्हणजे ‘डिनाय’; एखादी गोष्ट करण्यास तयार नसणे म्हणजे ‘रिफ्यूज’; समोर आलेली गोष्ट पसंत न पडल्याने बाजूला सारणे म्हणजे ‘रिजेक्ट’. निमंत्रणाला सौजन्याने नकार द्यायचा असेल तर ‘डिक्लाइन’. सीमारेषा सर्वत्र सरळ नाही : परवानगी किंवा प्रवेश न देणे यासाठी ‘डिनाय’ आणि ‘रिफ्यूज’ दोन्ही चालतात. आरोपाला मात्र ‘रिफ्यूज’ कधीही लागत नाही.

यांच्या शेजारी ‘रिफ्यूट’ उभे आहे आणि माझा खरा आग्रह त्याच्याविषयी आहे. ‘रिफ्यूट’चा काटेकोर अर्थ पुराव्याने किंवा युक्तिवादाने चूक ठरवणे असा आहे. एखाद्याने आरोप ‘डिनाय’ केला म्हणजे त्याने ‘हे खोटे आहे’ असे म्हटले. ‘रिफ्यूट’ केला म्हणजे त्याने ते खोटे असल्याचे दाखवून दिले. बातमीत दुसरा शब्द वापरला, तर निवाडा बातमीदारानेच देऊन टाकला असे होते. मराठीत ‘खंडन’ या शब्दाची हीच अवस्था झाली आहे. शास्त्रार्थात प्रतिपक्षाचे मत तर्काने मोडून काढणे म्हणजे खंडन. आज मात्र नुसता इन्कार केला तरी ‘आरोपाचे खंडन केले’ असे छापले जाते. माझ्यासमोर आलेल्या मजकुरात मी तिथे न चुकता ‘इन्कार केला’ असे करतो.

कोशप्रेमी

आपल्या आग्रहाचा आदर आहे, परंतु एक गोष्ट नोंदवतो. इंग्रजीतील अनेक आधुनिक कोश ‘रिफ्यूट’चा ‘ठामपणे इन्कार करणे’ हा अर्थही देतात, काही जण त्यावर ‘आक्षेपार्ह’ अशी टीप जोडून. ‘परस्वेड’ आणि ‘कन्व्हिन्स’ यांचेही तेच झाले आहे. जुन्या शिस्तीप्रमाणे एखाद्याला कृती करायला राजी करणे म्हणजे ‘परस्वेड’ आणि त्याला मत पटवून देणे म्हणजे ‘कन्व्हिन्स’. आज कृतीसाठीही ‘कन्व्हिन्स’ सर्रास लिहिले जाते. म्हणून वाचताना आणि लिहिताना वेगवेगळे धोरण ठेवावे, असे मला वाटते. लिहिताना भेद पाळावा. वाचताना मात्र लेखकाने तो पाळला असेलच असे गृहीत धरू नये.

मुद्रितशोधक

हे मान्य आहे, आणि माझे आधीचे विधान तेवढे सौम्य करतो. तरी ‘इम्प्लाय’ आणि ‘इन्फर’ यांच्याबाबत मी मागे हटणार नाही. बोलणारा सुचवतो, ऐकणारा अनुमान काढतो. एकाच वाक्याच्या दोन टोकांना हे दोन शब्द उभे आहेत. ते एक केले, तर ‘हे तुम्ही म्हणालात की मी समजलो’ हा वाद सोडवायला भाषेत शब्दच उरणार नाहीत.

शब्दवेध

बातम्यांचा विषय निघालाच आहे, तर चार्ल्स फिलमोर या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ साली मांडलेले एक निरीक्षण इथे द्यायला हवे. क्रियापदांकडे पाहण्याची माझी दृष्टी त्याने बदलली. ‘अक्यूझ’ आणि ‘क्रिटिसाइझ’ ही दोन क्रियापदे घ्या. दोन्हींमध्ये दोन गोष्टी असतात : एक कृत्य वाईट आहे, आणि ते अमुक व्यक्तीने केले आहे. ‘अक्यूझ’मध्ये कृत्य वाईट आहे हे आधीच धरून चाललेले असते आणि ते त्या व्यक्तीने केले, असे विधान केले जाते. ‘क्रिटिसाइझ’मध्ये ते त्या व्यक्तीने केले हे धरून चाललेले असते आणि ते वाईट आहे, असे विधान केले जाते. म्हणजे साहित्य तेच, पण गृहीत काय आणि सांगितलेले काय, यांची अदलाबदल झाली आहे.

मराठीतील ‘आरोप करणे’ आणि ‘टीका करणे’ यांना हा निकष लावून पाहा. तो तंतोतंत बसतो. ज्याच्यावर आरोप झाला तो ‘मी ते केलेच नाही’ असे म्हणतो. ज्याच्यावर टीका झाली तो ‘मी केले ते योग्यच होते’ असे म्हणतो. म्हणून क्रियापदाला विचारायचा आणखी एक प्रश्न असा : बोलणाऱ्याने न सांगताच काय खरे धरले आहे?

अक्षरयात्री

न सांगता धरलेली गोष्ट ओळखायची कशी? ‘थिंक’, ‘रिअलाइझ’ आणि ‘क्लेम’ यांच्यात भेद आहे हे मला जाणवते, पण तो दाखवून देता येत नाही.

शब्दवेध

वाक्य नकारार्थी करावे. ‘पाऊस पडतो आहे हे त्याच्या लक्षात आले’ आणि ‘पाऊस पडतो आहे हे त्याच्या लक्षात आले नाही’ या दोन्ही वाक्यांत पाऊस पडतोच आहे. म्हणजे ‘रिअलाइझ’ आपल्या पोटातील विधान खरे धरून चालते. ‘रिग्रेट’ आणि ‘फरगेट दॅट’ यांचे असेच आहे. अशा क्रियापदांचे सविस्तर विवेचन पॉल आणि कॅरल किपार्स्की यांनी १९७० साली केले. ‘थिंक’ला असे कोणतेही बंधन नाही, आणि ‘क्लेम’ तर दाव्याची जबाबदारी पूर्णपणे दावा करणाऱ्यावर सोडून देते. लिहिणारा त्यातून अंग काढून घेतो. म्हणून एखाद्याचे म्हणणे ‘क्लेम’ने द्यायचे, ‘रिव्हील’ने द्यायचे की ‘अॅडमिट’ने, हा निर्णय जपून घ्यावा लागतो. ‘रिव्हील’ ते खरे ठरवते. ‘अॅडमिट’ ते खरे ठरवतेच, शिवाय सांगणाऱ्याला ते सांगणे अवघड होते, असेही सुचवते.

मराठीतील ‘वाटले’ या शब्दाची एक खोच इथे नोंदवण्यासारखी आहे. ‘मला वाटले तू येणार’ असे आपण बहुधा तेव्हाच म्हणतो, जेव्हा समोरचा आलेला नसतो. इंग्रजी ‘थॉट’चे भाषांतर ‘वाटले’ असे करताना ही चुकल्याची छटा नकळत आत शिरते. जिथे विचार चुकीचा ठरलेला नाही, तिथे ‘त्याच्या मते’ किंवा ‘त्याने विचार केला’ असे लिहिणे मला अधिक सुरक्षित वाटते.

मुद्रितशोधक

‘टाळणे’ मागे राहिले. अपघात ‘अव्हॉइड’ करणारा चालक स्वतःला त्या अपघातापासून दूर ठेवतो. अपघात ‘प्रिव्हेंट’ करणारा तो घडूच देत नाही. मग त्यात तो स्वतः सापडण्याची शक्यता असो वा नसो. रोगाच्या संदर्भात हा भेद अधिक स्पष्ट होतो : रोगी माणसाजवळ जाणे ‘अव्हॉइड’ करावे, म्हणजे रोगाचा प्रसार ‘प्रिव्हेंट’ होतो. मी पहिल्यासाठी ‘टाळणे’ आणि दुसऱ्यासाठी ‘होऊ न देणे’ किंवा ‘रोखणे’ वापरतो.

कोशप्रेमी

आतापर्यंतची चर्चा अर्थाची झाली. काही जोड्या मात्र शब्दांच्या जन्मापासूनच बांधलेल्या आहेत, आणि मराठी वाचकाला त्या समजायला खरे तर सर्वांत सोप्या आहेत. ‘राइज’ म्हणजे उठणे, ‘रेज’ म्हणजे उठवणे किंवा उचलणे. ‘लाय’ म्हणजे आडवे पडून असणे, ‘ले’ म्हणजे आडवे ठेवणे. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’चा मूळ अर्थ बसवणे. जर्मानिक भाषांच्या, म्हणजे इंग्रजी, जर्मन इत्यादींच्या कुळाच्या, जुन्या अवस्थेत मूळ क्रियापदाला प्रत्यय लावून प्रयोजक रूप, म्हणजे ती क्रिया दुसऱ्याकडून घडवण्याचे रूप, करीत असत. पुढे तो प्रत्यय झिजून गेला आणि त्याची खूण म्हणून शब्दातील स्वर तेवढा बदललेला राहिला. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि झाड ‘फेल’ करणे म्हणजे पाडणे. नापास या अर्थाचे ‘फेल’ वेगळे आणि त्याचा याच्याशी संबंध नाही. ‘ड्रेंच’ म्हणजे आज चिंब भिजवणे, पण मुळात ते ‘ड्रिंक’चे प्रयोजक रूप, म्हणजे ‘पाजणे’.

आता मराठीतील पडणे–पाडणे, मरणे–मारणे, तुटणे–तोडणे, सुटणे–सोडणे या जोड्या शेजारी ठेवा. तोच स्वरबदल आणि तेच नाते दिसते. आपल्याकडे ही घडण आजही जिवंत असल्याने कोणीही मराठी माणूस ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ यांत गोंधळत नाही. इंग्रजीत ती मोडकळीला आल्यामुळे जन्माने इंग्रजी बोलणारेसुद्धा ‘लाय’ आणि ‘ले’ यांत चुकतात. त्यातच ‘लाय’चे भूतकाळी रूपही ‘ले’ असेच होते, हे त्या गोंधळाचे मोठे कारण आहे.

‘लर्न’ आणि ‘टीच’ यांना आपण शिकणे–शिकवणे म्हणतो. इंग्रजीत या दोन शब्दांची मुळे वेगळी आहेत, आणि जुन्या इंग्रजी लेखनात ‘लर्न’ हे ‘शिकवणे’ या अर्थानेही येते. प्रमाण भाषेत आता तो अर्थ अशुद्ध मानतात, पण जुना मजकूर वाचताना तो ध्यानात ठेवावा लागतो.

अक्षरयात्री

‘लेंड’ आणि ‘बॉरो’ यांनाही मी याच रांगेत बसवले होते. ते बरोबर आहे का?

कोशप्रेमी

ती रांग वेगळी आहे. तिथे एकच व्यवहार दोन टोकांकडून पाहिलेला असतो : देणाऱ्याच्या बाजूने ‘लेंड’, घेणाऱ्याच्या बाजूने ‘बॉरो’. मराठीत नाम एकच राहते आणि दिशा ‘देणे–घेणे’ दाखवते : उसने देणे, उसने घेणे. या बाबतीत इंग्रजी नेहमीच काटेकोर असते असे मात्र नाही. ‘रेंट’ हे भाड्याने देणे आणि भाड्याने घेणे या दोन्हींसाठी चालते, ‘लीज’चेही तसेच आहे. अनुवादात ‘ही रेंटेड द हाउस’ असे आले, तर घर त्याचे होते की दुसऱ्याचे, हे पुढच्या-मागच्या वाक्यांतून शोधल्याखेरीज मराठी क्रियापद लिहिताच येत नाही.

शब्दवेध

एक महत्त्वाचा प्रश्न अजून राहिला आहे : क्रियापद प्रयत्नाशी थांबते की फळापर्यंत पोहोचते? गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने १९४९ सालच्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात कामाची क्रियापदे आणि सिद्धीची क्रियापदे असा भेद केला. ‘लुक फॉर’ हे काम आहे, ‘फाइंड’ ही सिद्धी. तसेच ‘ट्रीट’ म्हणजे उपचार करणे आणि ‘क्युअर’ म्हणजे बरे करणे. काम तासभर चालू शकते, सावकाश किंवा मन लावून करता येते. सिद्धी एका क्षणी घडते. ‘मन लावून सापडले’ असे कोणी म्हणत नाही.

‘कुड’ आणि ‘मॅनेज्ड टू’ यांतील भेद हाच आहे. भूतकाळातील एका विशिष्ट प्रसंगी प्रत्यक्ष यश मिळाले असेल, तर इंग्रजीत होकारार्थी वाक्यात ‘कुड’ सहसा वापरत नाहीत. ‘मॅनेज्ड टू’ किंवा ‘वॉज एबल टू’ वापरतात. ‘कुड’ने क्षमता होती एवढेच कळते. ‘सी’ आणि ‘हिअर’ यांच्यासारखी क्रियापदे याला अपवाद आहेत. मराठीत मात्र ‘तो दार उघडू शकला’ असे म्हटले की दार उघडलेच. केवळ क्षमता सांगायची असेल तर ‘उघडू शकत होता’ असे म्हणावे लागते. म्हणजे इंग्रजीने जो भेद दोन क्रियापदांत ठेवला, तो मराठीने काळाच्या रूपात ठेवला. ‘कुड’चे भाषांतर सवयीने ‘शकला’ असे केले, तर मूळ लेखकाने न उघडलेले दार अनुवादकाने उघडलेले असते.

अक्षरयात्री

हे वाचून मी कालच पूर्ण केलेले प्रकरण पुन्हा उघडले. ‘शी कुड लीव्ह’ या वाक्याला मी ‘ती निघून जाऊ शकली’ असे लिहिले होते. कथेत ती पुढची बारा पाने त्याच घरात आहे, आणि जाण्याची मोकळीक असूनही ती का गेली नाही, हाच त्या प्रकरणाचा विषय आहे. आता तिथे ‘ती निघून जाऊ शकत होती’ असे केले आहे.

वहीची मांडणीही बदलली आहे. क्रियापदासमोर प्रतिशब्द लिहिण्याऐवजी कर्माच्या जागी कोण येते, कर्ता करतो की त्याला होते, काय गृहीत धरले आहे आणि फळ हाती लागले का, हे लिहायला सुरुवात केली आहे. ‘टेल’पाशी मात्र अडले. ऐकणारा नसतानाही ‘टेल द टाइम’ आणि ‘टेल द डिफरन्स’ असे म्हणतात. तिथे तर कोणी कोणाला काही सांगतही नाही.

कोशप्रेमी

तिथे जुना अर्थ टिकून राहिला आहे. प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाचा एक अर्थ मोजणे असा होता. बँकेत पैसे मोजून देणारा तो ‘टेलर’, आणि ब्रिटिश संसदेत मते मोजणाऱ्यांनाही आजतागायत ‘टेलर’च म्हणतात. मोजण्यावरून ओळखणे, वेगळे करणे हा अर्थ जवळच होता. घड्याळ पाहून वेळ ओळखणे आणि दोन गोष्टींतील फरक ओळखणे यांत ‘टेल’ त्याच अर्थाने उभे आहे. वहीत त्यासाठी दुसरी ओळ करावी आणि तिच्यासमोर ‘ओळखणे’ असे लिहावे.